इंजिनाच्या आधी मरळ

वैशाखात मरळ गळाला लागत नाही, असं आमच्याकडची गडीमाणसं छातीठोक सांगतात. सांगणाऱ्यांतल्या बहुतेकांनी दुपारी तलावावर पाऊल टाकलेलं नसतं. त्या वेळी ते हॉटेलच्या पत्र्याखाली बसून देश चालवत असतात. मी मात्र दुपारी तलावावरच असायचे, कारण आमची मेंढरं दुपारी तलावावर असायची. त्यामुळे या विषयावर मला कुणी शिकवू नये.

आमचं गाव धावड्याच्या अलीकडं, डोंगराच्या पायाशी. घर मेंढपाळाचं. आता थोडी कोरडवाहू जमीन आहे, मका होते, पण मेंढरं सुटलेली नाहीत. ऊन डोक्यावर आलं की मेंढरू पाण्यावर येतं, पोटभर पितं आणि सावली दिसेल तिथं एकमेकांच्या पोटाखाली मान घालून उभं राहतं. एकदा असा कळप जमला की ऊन उतरेपर्यंत हलत नाही. हाळी द्या, काठी आपटा, कुत्रं सोडा. मेंढराला लाज नसते आणि घाईही नसते. तेवढा वेळ राखणारा मोकळा. त्या मोकळ्या वेळात माझी आई मरळ धरायची. तिनंच मला शिकवलं.

वडील माळकरी. घरात मासा शिजत नाही. बाभळीखाली वेगळी चूल, वेगळं भगुनं. आई तिथं कालवण करायची आणि वडील वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला जाऊन बसायचे. भांडण नाही, समजावणं नाही. लोकशाही म्हणजे काय हे मी शिबिरात जाऊन ऐकलं, पण पाहिलं त्या बाभळीखाली.

मरळीचं असं आहे. बाकीचा मासा पाण्यातल्या पाण्यात श्वास घेतो. मरळीला वर यावं लागतं. पाणी तापलं, आटलं, की जास्तच वेळा यावं लागतं. काठावरच्या बेशरमाच्या झुडपाखाली जिथं सावली असते तिथं ती थांबते आणि मधूनच ‘गुब्’ असा आवाज करून हवा गिळते. जिथं आवाज झाला तिथं बेडूक न्यायचा. वेळूची काठी, आखूड आणि जाड तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी, गळाला बेडूक, आणि तो पाण्यात बुडवायचा नाही, पाण्याला नुसता टेकवत न्यायचा. मरळ झडप घालते. इथंच माणूस फसतो. झडप दिसली की तो ओढतो आणि गळ रिकामा येतो, कारण मरळ आधी बेडूक नुसता जबड्यात धरते, खाली जाते, फिरवते आणि मग गिळते. आई तोंडात सुपारीचं खांड टाकायची. म्हणायची, "खांड मऊ होईस्तोवर दम धर. मंग ओढ."

मला दम धरता येत नाही. हे आमच्या तरुण पोरांच्या संघटनेतले सगळे सांगतील.

गेल्या उन्हाळ्यात तलाव भिंतीच्या पायथ्याशी एका डोहापुरता उरला. भिंतीतल्या मोरीच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, खालचं जे पाणी आपोआप बाहेर जात नाही, त्याला कागदावर मृतसाठा म्हणतात. आमच्या भागात वैशाखात जिवंत काय ते तेवढंच होतं. विहिरींना तळ लागला होता. टँकर यायचा, पण तो माणसांसाठी. मेंढराच्या नावानं टँकर येत नाही, कारण मेंढरू मत देत नाही.

त्या डोहावर ठेकेदाराचा डोळा होता. तलावातल्या मासळीचा ठेका त्याचा. त्यानं सोडलेले रोहू-कटला चैत्रातच जाळ्यानं निघाले होते. राहिली होती मरळ. मरळ त्यानं सोडलेली नव्हती, ती नाल्यानं आपली आपण आलेली. पण ठेका म्हटलं की पाण्यातलं सगळं आपलं, असा त्याचा समज. मरळ जाळ्याला येत नाही, जाळं दिसलं की चिखलात शिरते. म्हणून त्यानं ठरवलं, इंजिन लावायचं, डोह उपसायचा आणि चिखलातून मरळ वेचायची. शहरातल्या हॉटेलांत जिवंत मरळीला मोल आहे. उपसलेलं पाणी? ते खालच्या रानात सोडून द्यायचं, भेगा पडलेल्या काळ्या मातीत.

मी पत्रक काढलं. ‘मृतसाठ्यावर पहिला हक्क मुक्या जनावरांचा’. पिंपळगावच्या बाजारात वाटलं. निवेदन घेऊन तहसिलातल्या साहेबांच्या टेबलापर्यंत गेले. साहेब म्हणाले, चौकशी लावतो. मी विचारलं, चौकशी पोचायच्या आधी इंजिन पोचलं तर? ते म्हणाले, तुम्ही तरुण मुलं फार घाई करता. संघटनेतल्या पोरांचं म्हणणं पडलं की धरणं धरावं. धरण्याला परवानगी लागते, मंडप लागतो, बोलणारे लागतात. आणि ठेकेदारानं हॉटेलावर सांगून टाकलं होतं की उद्या दुपारी इंजिन लागणार.

मी तिथंच त्याला गाठलं. "शेठ, तुम्हाला पाणी पाह्यजे का मरळ?"

"पाणी घेऊन काय आंघोळ करू? मरळ."

"मंग मरळ मी गळानं काढून देते. तुमच्याच ड्रमात टाकते. इंजिन आणू नका."

हॉटेल हसलं. ठेकेदारानं बशीतला चहा संपवला. "ताई, तुम्ही पत्रकं काढा. मरळ काढायचं आमच्यावर सोडा. ह्या उन्हात गळाला बेडूकसुद्धा लागायचा न्हाई."

"बेडूक लावायचा असतो, शेठ. लागती ती मरळ."

संघटनेतल्या एकानं मला बाहेर ओढलं. म्हणाला, "अगं, तू त्याची फुकटची मजूर होऊन राह्यली. तत्त्व काय हाय आपलं?" मी म्हणाले, तत्त्व पाणी आहे. डोहात मरळ आहे म्हणून इंजिन येतंय. मरळ राहिली नाही तर इंजिन कशाला येईल? मला त्याच्याकडून मासा जिंकायचा नव्हता. पाणी वाचवायचं होतं. मासा जातो तर जाऊ दे त्याच्या घशात.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आई आणि मी डोहावर गेलो. आईनं बेडूक धरून दिले आणि बारदान भिजवून ठेवलं. ओल्या बारदानाखाली मरळ बराच वेळ जगते. पण सकाळभर एकही लागली नाही. वारं होतं, पाणी हलत होतं, आवाज कळत नव्हता. गाव हळूहळू भिंतीवर येऊन बसलं. मासेमारी बघायला नाही, माझी फजिती बघायला.

ऊन तापलं तसं वारं पडलं. आणि बेशरमात पहिली ‘गुब्’ झाली. मी बेडूक टेकवत नेला. झडप बसली ती अशी, की पाणी माझ्या तोंडावर उडालं. त्याच क्षणी भिंतीवरून कुणीतरी म्हणालं, "आलं बघ ट्रॅक्टर." मी डोळ्याच्या कोपऱ्यातून ट्रॅक्टर पाहिला, ट्रॉलीतलं इंजिन पाहिलं, डोक्यात सणक गेली आणि मी काठी ओढली. गळ रिकामा आला. अर्धा बेडूकसुद्धा राहिला नाही.

भिंतीवर हशा.

आईनं चंची उघडली, सुपारीचं खांड काढलं आणि माझ्या तोंडात घातलं, लहान लेकराला औषध देतात तसं. "राग ठेकेदारावर, वढती मरळीला. तिनं तुझं काय खाल्लंय?"

ट्रॅक्टर सरळ डोहाच्या काठाला येऊन थांबला. ठेकेदार उतरला, मरळीसाठी आणलेला ड्रम गड्यांनी काठावर ठेवला. त्याच्या हातात माझं पत्रक होतं आणि तो त्यानं वारा घेत होता. "झालं का शिकार करून? व्हा बाजूला. पोरहो, इंजिन उतरवा जल्दी."

त्याचे दोन गडी ट्रॉलीच्या मागच्या फळीला हात घालतायत तोच भिंतीच्या कडेनं मेंढरं उतरली. त्यांची पाण्याची वेळ झाली होती. मागं वडील, खांद्यावर घोंगडी, काठी आडवी. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मरळ धरायच्या ठिकाणी ते कधी येत नसत. एरवी वरच्या अंगाला कळप पाजून निघून जायचे. पण वरच्या अंगाला आता पाणीच नव्हतं.

मेंढरं पाण्याला लागली. पोटं भरली. मग त्यांनी सावली शोधली. त्या उघड्या माळावर मेंढराला शिरता येईल अशी सावली एकच होती, ट्रॅक्टरची आणि ट्रॉलीची. बघता बघता कळप ट्रॉलीखाली शिरला, चाकांना टेकला, फळीला भिडला, आणि माना एकमेकांच्या पोटाखाली गेल्या. ज्यांना सावली मिळाली नाही त्यांनी सावलीतल्यांच्या पोटाखाली तोंडं घातली. ट्रॅक्टर लोकरीत रुतला.

"ओ बाबा," ठेकेदार ओरडला, "उठवा की ती मेंढरं."

वडील म्हणाले, "उठवा."

गड्यांनी हुर्र केलं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. एका मेंढीनं लेंड्या टाकल्या. बाकी काही घडलं नाही.

"बाबा, तुमचं ऐकतील ती."

"माझं पोरगी ऐकत न्हाई, मेंढरं काय ऐकतील," वडील म्हणाले. "ऊन उतरलं की बराबर उठतील. बसा तुम्हीबी. घोंगडी देऊ का?"

ट्रॅक्टर पुढं न्यावा तर मेंढी चाकाखाली येते, आणि सगळं गाव भिंतीवर बसलेलं. ठेकेदार वडिलांच्या घोंगडीवर बसला नाही. उन्हात उभा राहिला, पत्रकानं वारा घेत.

मी दुसरा बेडूक लावला. या वेळी झडप बसली तेव्हा मी सुपारीवर लक्ष ठेवलं. तंगूस बेशरमाकडं सरकली, थांबली, परत सरकली. भिंतीवरून सूचना येत होत्या: ओढ, ओढ की, गेली बघ. खांड दाताखाली मऊ झालं आणि मी काठी उचलली. काठी वाकली. मरळ काळी, जाड, हातभर लांब, चिखलावर आपटत बाहेर आली. मी ती दोन्ही हातांनी धरून ठेकेदाराच्या ड्रमात टाकली. "ही घ्या तुमची. सोडली नसली तरी तुमची."



दुपारभर तेच केलं. आवाज ऐकायचा, बेडूक न्यायचा, दम धरायचा. हातांना तंगुशीनं चिरे पडले, टाळू भाजली. आई बेडूक देत होती आणि सुपारी. काही सुटल्या, पण बहुतेक ड्रमात गेल्या. ड्रम पुरेना तेव्हा ठेकेदाराच्याच गड्यांनी आमचं ओलं बारदान मागून घेतलं. पुढं पुढं ते मला सांगायला लागले, "ताई, तिकडं वाजलं, डाव्या हाताला." ठेकेदार तोवर ड्रमापाशी येऊन उभा राहिला होता. तो ड्रमात बघत होता.

ऊन कललं. मेंढरांनी माना काढल्या, अंग झाडलं आणि माळाला लागली. ट्रॅक्टर मोकळा झाला. ठेकेदारानं ट्रॉलीच्या फळीवर हात ठेवला आणि नेमकी तेव्हाच पलीकडच्या बेशरमात मोठी ‘गुब्’ झाली.

"हाय अजून," तो म्हणाला. "आणि तू म्हणत होती सगळ्या काढते."

"ती न्हाई काढणार."

"का?"

"पिलांवरची हाय. बघा जाऊन."

तो बूट न काढता चिखलात गेला. झुडपाखाली पाण्याच्या तोंडाशी लाल पिलांचा घोळका उकळत होता, तिखट सांडल्यासारखा, आणि त्याखाली दोन काळ्या सावल्या फिरत होत्या. पिलं लाल आहेत तोवर आमच्याकडं मायबापाला गळ लावत नाहीत. सगळ्यात सोपी मरळ तीच असते, पिलांजवळ काहीही आलं तरी झडप घालते, भूक नसताना. म्हणूनच लावत नाहीत. मी म्हणाले, "इंजिन लावा आता. दोन मरळी निघतील. पिलं चिखलात वाळतील. पुढच्या साली तलावात काय धरायचं ते ठरवा."

त्यानं चिखलातून बूट उपसला. मग म्हणाला, "पुढच्या सालीबी ठेका माझाच हाय."

"ते पुढच्या साली बघू."

इंजिन ट्रॉलीतून उतरलं नाही. तसंच परत गेलं, मेंढरांच्या लोकरीचे पुंजके चाकांना चिकटलेले घेऊन.

आता सांगायचं ते पुढचं आहे. आठवड्याभरात गावात ठरलं की ठेकेदाराचा सत्कार करायचा. मुक्या जनावरांसाठी पाणी राखल्याबद्दल. शाल आणि नारळ. पुढाऱ्यांनी मला निरोप धाडला की सत्काराचा मजकूर तूच लिही, तुला लिहिता येतं. शिवाय दोन शब्द आभाराचेही बोल.

मी गेले आणि पारावर सगळ्यांसमोर सांगितलं. त्या माणसानं पाणी मेंढरांसाठी राखलेलं नाही. ड्रम भरला आणि पुढच्या वर्षीची मरळ दिसली, म्हणून त्यानं ते सोडलं. ज्या दिवशी हिशेब उलटा बसेल त्या दिवशी इंजिन परत येईल. आणि शाल द्यायचीच असेल तर मेंढरांना द्या, लोकर त्यांचीच आहे. एक म्हातारे म्हणाले, "पोरी, जरा गोड बोलावं. काम झालं न्हवं आपलं?" मी म्हणाले, आजोबा, काम झालं नाही, एक दुपार टळली.

सत्कार झाला. मी गेले नाही. आईनं वडिलांना विचारलं, जाता का. वडील म्हणाले, मेंढरांची पाण्याची वेळ आहे.

डोह मृगापर्यंत पुरला. पिलं लालाची काळपट झाली आणि पांगली.

मी नवीन पत्रक लिहायला घेतलंय. मागणी एकच आहे: ठेक्याच्या करारात लिहा, मोरीखालच्या पाण्याला इंजिन लागणार नाही. संघटनेतली पोरं म्हणतात, सुरुवातीला ठेकेदाराचे दोन ओळीत आभार मान, म्हणजे सही करायला लोक पुढं येतील. मी मजकूर त्यांना वाचून दाखवला. त्यात आभार नाहीत. पहिली सही वडिलांची आहे, त्याखाली आईचा अंगठा.