कावळा न शिवलेल्यांचा धर्म

माझ्या मुलीला रविवारपर्यंत एक मेलेली जमात हवी होती. ती चौदा वर्षांची. दर रविवारी दुपारी तिच्या तीन मैत्रिणी दिल्लीत आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये जमतात आणि जेवणाच्या टेबलाभोवती फासे टाकत एका काल्पनिक जगात हिंडतात. त्या आठवड्यात गोष्ट रचायची पाळी तिची होती. तिने वहीत लिहिलं होतं, 'हे लोक मरूनही चालतात. कबरीतून उठतात. ओरडतात.' बस्स.

माझ्या वडिलांनी चष्मा लावून ते वाचलं. "आणि यांचा नैवेद्य काय?"

"आजोबा, यार, ते डेड आहेत."

"म्हणून उपाशी राहतील? सण नाहीत, सोयरसुतक नाही, नुसतं ओरडायचं? हा काय समाज झाला?"

मी ऑफिसचं काम घरी आणून बसले होते आणि आधीच वैतागले होते. पण आई गेल्यापासून बाबांचा आवाज एवढा चढलेला ऐकला नव्हता. म्हणून फाइल बाजूला सारून ऐकू लागले.

आई मागच्या थंडीत गेली. निवृत्तीनंतर दोघं माझ्याकडेच असत, त्यामुळे दहावा यमुनेच्या घाटावर केला. पिंड ठेवला आणि कावळा येईना. गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही. मग नातलगांनी एकेक कबूल करत जायचं, बरोबर ते सापडलं की तो येतो. भावाने तिचं देवघर सांभाळायचं कबूल केलं. मी बाबांचं गोड बंद करायचं कबूल केलं. सायबेरियातून आलेले सीगल पिंडावर झडप घालायला एका पायावर तयार होते, पण गुरुजी म्हणाले, हे चालत नाहीत. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही घरी आलो.

दिल्लीत कावळे उरलेत कुठे, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. बाबांना काही ते पटलं नाही. सकाळचा चहा घेताना मधूनच विचारायचे, "तिचं काय राहिलं असेल गं?" मी म्हणायची, "काही नाही हो बाबा." मला खरंच माहीत नव्हतं आणि त्या प्रश्नाची मला भीती वाटायची.

तर बाबांनी वही ताब्यात घेतली आणि दोन दिवसांत अख्खा धर्म उभा केला. ज्यांना कावळा शिवला नाही, ते सगळे हे लोक. कावळा हा त्यांचा देव, आणि तो कधीच येत नाही. रोज सकाळी गच्चीवर दहीभात ठेवून सगळे आकाशाकडे बघत उभे राहतात. भेटल्यावर नमस्कार नाही, "तुमचं काय राहिलं?" असं विचारायचं. लग्नात पत्रिका नाही, राहिलेल्या इच्छा जुळवायच्या. एरवी कडक उपास, एकादशीला मात्र साबुदाण्याची खिचडी, कारण बाबांच्या मते तिच्या वासाने मेलेला माणूस उठून बसतोच. सीगलही चालतो असं मानणारा एक पाखंडी पंथ होता. त्याच्याशी रोटीबेटी व्यवहार बंद.

आणि एक नियम होता. आपलं काय राहिलं ते यांतल्या कुणालाच आठवत नाही. ते दुसऱ्याने ओळखायचं आणि मोठ्याने कबूल करायचं. मगच कावळा येणार, मगच सुटका.

रविवारी बाबाही खेळायला बसले. मुलीने गोष्ट सुरू केली. वेशीपाशी एक म्हातारी उभी आहे, साडीवर स्वेटर, पायांत मोजे आणि वर चप्पल. बाबांनी मान वर केली.

"बदला चाहिए इसको?" एका मैत्रिणीने विचारलं.

"नाही."

"खज़ाना?"

"नाही."

"काशीयात्रा?" बाबा म्हणाले. "पाटल्या? पुण्यातलं घर?" मुलगी मान हलवत राहिली. मग ते अगदी हळू म्हणाले, "माझ्यावर रागावून गेली का?"

"नाही हो आजोबा." मुलीचा गोष्ट सांगायचा आवाज गळून पडला. "आजीला पानिपतला जायचं होतं. रजई घ्यायला. हर साल विचारायची ना."

विचारायची. सगळी कॉलनी रजया तिथूनच आणते. आणि दरवर्षी बाबा म्हणायचे, "मराठी माणूस एकदा जाऊन आलाय पानिपतला, तेवढं पुरे." सगळे हसायचे, मीसुद्धा. आईही हसायची आणि जुनीच रजई उन्हात टाकायची. मला आता स्वतःचीच लाज वाटली.

"दादाजी, ज़ोर से बोलना पड़ेगा," मैत्रीण म्हणाली. "रूल है."

बाबा उभे राहिले. "जाईन," म्हणाले. मुलीने फासा टाकला. तो टेबलाखाली गेला, किती पडले ते कुणीच पाहिलं नाही. "कावळा आला," तिने जाहीर केलं.

पुढच्या शनिवारी आम्ही तिघं ट्रेनने पानिपतला गेलो. माकडटोपी घातलेल्या बाबांनी निघताना पुण्याच्या काकांना फोन केला, "निघतोय. परत आलो की कळवतो." दुकानात त्यांनी पंधरा-वीस रजया उलगडायला लावल्या आणि शेवटी निळ्या फुलांची एक धरून ठेवली.

"बाऊजी, सिंगल दूँ या डबल?"

मी सिंगल म्हणणारच होते.

"डबल," बाबा म्हणाले.