आवाज न घातलेला गेम

आमच्या फुलपाड्याच्या सोसायटीत वास्तुतज्ज्ञ आले होते, तेव्हा पाण्याची टाकी हलवायला विरोध करणारा एकमेव सभासद मी होतो. हे आधीच सांगतो, म्हणजे गैरसमज नको. भुतं, आत्मे, संकेत यांच्याशी माझा संबंध या ग्रुपवरचे अनुभव वाचून मनातल्या मनात चुका काढण्यापुरता... आता माझ्या चुका तुम्ही काढा.

वसईजवळ होळी गावात माझ्या मामांची वाडी आहे. केळी, अळू, थोडी फुलं. मागच्या वर्षी मामांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. सहा महिने तोंडातून शब्द नाही. मामी भरवायची ती पेज ओठांतून बाहेर यायची. वजन उतरत चाललं होतं; असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. मग एका मोठ्या तज्ज्ञांना दाखवलं. त्यांच्या भिंतीवर इतकी प्रमाणपत्रं होती, की कॅलेंडरला दारामागे जावं लागलं होतं. पाऊण तास ते इंग्रजीत बोलले. सार एवढंच, की पेशंटला जुन्या आवडीच्या गोष्टी दाखवा.

मामांची आवड म्हणजे मोटारसायकल शर्यतीचा व्हिडिओ गेम. हसू नका. वाडीतून आले की ते आणि त्यांचा मुलगा पिंट्या टीव्हीसमोर मांडी घालून बसत. पिंट्या सतराव्या वर्षी काविळीने गेला. मामांनी तो गेम, कॅसेटी, सगळं कोणाला तरी देऊन टाकलं. त्याला वीस वर्षं होऊन गेली.

तसा गेम आता मिळत नाही, पण तो ज्या यंत्रावर चालायचा त्याची नक्कल करणारा प्रोग्राम, म्हणजे एम्युलेटर, कॉम्प्युटरवर चालतो. एका रविवारी मी माझा जुना लॅपटॉप मामांकडे नेला. तो इतका जुना, की तयार एम्युलेटर त्यावर चालेना. म्हणून सोर्स कोड उतरवून तिथेच कंपाइल करायला घेतला. सोर्स कोड म्हणजे पाककृती, आणि कंपाइल करणं म्हणजे ती स्वतः शिजवणं. आवाजाची लायब्ररी, म्हणजे आवाज काढणारा तयार कोड, दोन तास एरर देत राहिली. शेवटी मी आवाजाचा भाग वगळून बाकीचा प्रोग्राम बांधला. इथे नीट लक्ष द्या — आवाज कमी केलेला नव्हता, आवाज काढणारा कोडच त्यात नव्हता. भाजीत मीठ घातलंच नाही, तर चव कुठून येणार?

"माझा स्वयंपाक झाला, अळूच्या जुड्या बांधून झाल्या," मामी म्हणाली. "तुझं शिजतंच आहे अजून."

"झालं, मामी. पण आवाज येणार नाही."

"वा. मुका माणूस आणि मुका गेम."

दुपारचे साडेतीन वाजले होते. मामा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी गेम सुरू केला. कोणी बटण दाबलं नाही, की तो गेम आपोआप एक नमुना शर्यत दाखवतो. ती चालू झाली, आणि मामांच्या डाव्या हाताचं बोट पलंगाच्या कडेवर वाजायला लागलं.

मोटारसायकल उडी मारून जमिनीवर टेकली, की टक. पुन्हा उडी, पुन्हा टक. एकदाही मागेपुढे नाही.

मला पहिली शंका पडद्याच्या प्रतिबिंबाची आली. भिंत चुन्याची, त्यात काय दिसणार? तरी मी लॅपटॉप स्वयंपाकघरात नेऊन ठेवला आणि दारात उभा राहिलो. तिथून मला दोन्ही दिसत होतं. उडी, टक. शर्यत थांबवली, बोट थांबलं. चालू केली, बोट चालू.

"बंद करू का, मामा?" मी विचारलं.

मामांचे ओठ हलले. "वाजू दे."

मामी पलंगाशी धावली. "काय वाजू दे? अहो, काय वाजतंय?"

"पिंट्याचा गेम."

त्या संध्याकाळी ते वाटीभर पेज गिळून जेवले. लॅपटॉप मी तिथेच ठेवून आलो; मामी मग रोज दुपारी तो लावायला लागली. मंगळवारी मामांनी केळी उतरवली का, म्हणून विचारलं. गुरुवारी मामीचा फोन आला. ती नुसती रडत होती. मामांनी तिला नावाने हाक मारली होती.

शहाण्या माणसाने इथे थांबावं. मी पुढच्या रविवारी आवाजाची लायब्ररी दुरुस्त करून घेऊन गेलो. मला वाटलं, न वाजणाऱ्या गेमने एवढं केलं, तर वाजणारा काय करेल... हे मामीला सांगितलेलं कारण. खरं कारण असं, की मला ते कोडं सहन होत नव्हतं. नवीन बांधणी स्वच्छ व्हावी म्हणून आधी जुनी पुसायची, ही माझी सवय. एक कमांड दिली आणि पहिला एम्युलेटर गेला. कॉपी ठेवली नव्हती.

नवा उत्तम वाजला. तीच धून, तीच इंजिनाची घरघर. मामांनी अर्धं मिनिट ऐकलं. मग डावा हात उचलून म्हणाले, "यो नाय."

मी घाईने सगळं पुसून पुन्हा आवाजाशिवाय बांधलं. लॅपटॉप तोच, कोड तोच, कमांडही गेल्या रविवारची, अक्षरन् अक्षर तीच. शर्यत सुरू झाली. मोटारसायकल उडत राहिली, टेकत राहिली. बोट हललं नाही. तीन वेळा बांधलं. चौथ्यांदा मामीने येऊन लॅपटॉपचं झाकण लावलं.

त्यानंतर मामा बोलले नाहीत. नळी घातली. दीड महिन्याने गेले.

मेंदू, स्मृती, योगायोग... मी सगळं स्वतःला सांगून पाहिलं आहे. स्वयंपाकघरातल्या मुक्या गेमबरोबर भिंतीकडे पाहणाऱ्या माणसाचं बोट कसं चालत होतं, हे त्यातलं एकही सांगत नाही. पहिला प्रोग्राम असता, तर नंतरच्याशी एकेक बाइट ताडून पाहिला असता. तो नाही.

तेराव्याला भांडी आवरताना मामीने एकदाच विचारलं. चिडून नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून.

"त्यांना ऐकू येत होतं ना, सुधीर? मग तुला काय ऐकायचं होतं?"