चार नंबरचे डोके

नसिमियू वाब्विलेने पहिली शंभर डोकी पत्र्यावर रंगवली, आणि त्यांतले एकही तिने स्वतः निवडलेले नव्हते. नैरोबीपासून दूर, किमिलिलीच्या पलीकडच्या बाजारगावात तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवत. खाटकाच्या भिंतीवर बैल, शिंप्याच्या दारावर कोट, न्हाव्याच्या पाटीवर केस कापायच्या तऱ्हा दाखवणारी डोकी आणि खाली आकडे. गिऱ्हाईक आकडा सांगे, न्हावी कात्री चालवी. अक्षरे बाप काढी, बाकी सगळे मुलगी. भिंतीवरचा बैल पाहून माणसे तो कुणाच्या गोठ्यातला ते सांगू लागली, तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

एकोणीसशे सत्त्याऐंशी साली, तिच्या एकोणिसाव्या वर्षी, खाएंबा न्हाव्याने नवी पाटी सांगितली. सहा डोकी.

"चार नंबरचं मागून काढ, पोरी," तो म्हणाला. "मोठ्या माणसाची हजामत. मान साफ, वर थोडे केस."

बाजाराच्या दिवशी पाटी दाराशी टेकवून ठेवली. भुईमूग विकणारी रोडामावशी आधी थांबली. डोक्यावरची टोपली उतरवून तिने चार नंबरकडे पाहिले आणि दबक्या आवाजात विचारले, "चीफसाहेब इथं काय करतायत?"

मग एक म्हातारा सायकलवरून आला, पाटीसमोर उतरला आणि त्याने टोपी काढली. आपण पत्र्याला मान दिला हे कळल्यावर त्याने ती पुन्हा घातली आणि सायकल हातात धरून चालत गेला. दोनदा वळून पाहिले. कुणी हसले नाही.

पत्र्यावर चेहरा नव्हताच. दोन कान, मानेच्या वळ्या, कॉलरची कड. नसिमियूने ते मुद्दाम काढले नव्हते. चर्चमध्ये चीफ वेपुखुलू, त्या भागाचे सरकारी अंमलदार, पहिल्या बाकावर बसत आणि बायकांच्या रांगेतून तिला दर रविवारी तीच मान दिसे. बारा वर्षांत ती हातात उतरली होती.

बापाने रंगाचे फडके उचलले. पाट्या रंगवायच्या परवान्यावर चीफची सही लागे. ती गेली की शिडी आणि डबे घरात.

"पूस ते. आत्ता."

"बाबा, आत्ता पुसलं तर का पुसलं ते सगळ्यांना कळेल."

तेवढ्यात गर्दी फाकली. खाकी गणवेश, काखेत काठी. चीफ पाटीसमोर उभे राहिले आणि बराच वेळ पाहत राहिले.

"हा कोण?"

रोडामावशी टोपली उचलून मागे सरकली.

"उद्धट दिसतो," चीफ म्हणाले. "असल्या मानेचा माणूस कुणाचं ऐकत नसतो."

सगळा बाजार ज्या मानेला ओळखत होता, ती फक्त एका माणसाने कधी पाहिली नव्हती. चीफचे केस घरी त्यांची बायको कापी, एकाच आरशासमोर.

"मोठ्या माणसाची हजामत ना? मग काप," म्हणत ते खुर्चीत बसले. "चार नंबर."

कापण्यासारखे काही नव्हते. खाएंबाने कात्री हवेतच चालवली. आणि शेवटी, तीस वर्षांच्या सवयीने, हातातला आरसा गिऱ्हाइकाच्या मानेमागे धरला.

चीफनी समोरच्या आरशात पाहिले. मग दाराशी टेकवलेल्या पाटीकडे. मग पुन्हा समोर.

"पोरी, इकडे ये." आवाज चढलेला नव्हता. "मला दोन वळ्या आहेत. तू तीन काढल्यास."

बापाने डोळ्यांनी गप्प राहायला सांगितले. नसिमियूला मात्र चुकीचे चित्र काढल्याचा ठपका सोसेना.

"मान सरळ असली की दोन असतात, साहेब. वर केली की तीन. प्रार्थनेला सगळे मान खाली घालतात, तेव्हा तुम्ही वर करून इकडेतिकडे वळता. कोण आलं, कोण नाही ते बघायला."

खाएंबाने आरसा खाली घेतला.

"हे तुला दिसतं," चीफ सावकाश म्हणाले, "म्हणजे प्रार्थनेत तुझेही डोळे उघडे असतात."

"हो, साहेब."

ते उठले, गणवेशाच्या बाह्या झटकल्या आणि बापाकडे वळले. "वाब्विले, परवाना तुमच्याकडेच राहू दे. चार नंबर पांढरा करून टाका."

तिने सगळ्यांदेखत पांढरा केला. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइके त्या कोऱ्या गोलाकडे बोट करून "चार नंबर" म्हणू लागली आणि खाएंबा बिनचूक तशीच मान काढू लागला. त्या रविवारी प्रार्थनेत पहिल्या बाकावर दोनच वळ्या दिसल्या.

त्या काळात सत्तेतल्या माणसांचे चेहरे व्यंगचित्रात छापायला वृत्तपत्रे धजत नसत. नसिमियूने पहिल्या बाकावर बसणाऱ्या मोठ्या माणसांच्या सात माना काढल्या, सगळ्या मागून, आणि नैरोबीच्या एका साप्ताहिकाला पाठवल्या. महिन्याभराने संपादकाचे पत्र आले. त्याने किमिलिली कधी पाहिले नव्हते.

"या सातही जणांना आम्ही इथे रोज भेटतो," त्याने लिहिले होते. "आणखी पाठवा."