शेवट राहिलेले सिनेमे

सिनेमांच्या डिस्क मी सुट्याच घ्यायचो. सोलापूरच्या जुन्या बाजारात, लातूरला बंद पडत आलेल्या एका लायब्ररीत, कधी कलबुर्गीला लग्नाला गेलो तर तिथल्या पदपथावर. एकेक डिस्क हातात घ्यायची, उजेडात तिरकी धरून चरे बघायचे, पटली तर घ्यायची. बॉक्स सेटचा मला रागच होता. त्यातले दोन सिनेमे हवे असतात आणि बाकीचे सहा कुणाच्या तरी आग्रहाखातर जेवणावळीत आलेल्या पाहुण्यांसारखे आपल्या घरात येऊन बसतात. शिवाय कुठले सिनेमे एकत्र राहणार हे दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं. हे मला कधी रुचलं नाही.

धाराशिवला आमच्या बाहेरच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. मी पदार्थविज्ञान शिकवतो त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेनं मोडीत काढलेलं. त्यात या डिस्क असतात. माझी बायको मुरुम गावची, बोलायला तिखट. ती म्हणायची, "तुमचं कपाट म्हंजे एकेकट्या माणसांचं वसतिगृह हाय. कुणाचा कुणाशी संबंध न्हाय." आता फोनवर सगळे सिनेमे दिसतात, हे तिचं दुसरं पालुपद. पण फोनवरचा सिनेमा आज असतो, उद्या नसतो. डिस्क कपाटात असते.

तीन-चार वर्षांपूर्वी मी मित्रांच्या एका ग्रुपवर लिहिलं होतं, कुणाच्या घरी जुन्या डिस्क पडून असतील तर सांगा. बऱ्याच दिवसांनी पुण्याहून एकाचा फोन आला. त्याचे चुलते बेंबळीला जनावरांचे डॉक्टर होते. लग्न केलं नव्हतं. थोरली विधवा बहीण आणि ते असे दोघंच राहायचे. ते नुकतेच वारले होते. "फुफी एकटीच आहे आता. चाचांचे सिनेमे पडून आहेत. तुम्ही घेऊन जा, पैसे नकोत," तो म्हणाला.

रविवारी जेवून मी मोटारसायकलवर बेंबळीला गेलो. चैत्राचं ऊन होतं, रस्त्यावर माणूस नाही. डॉक्टरांचं घर गावाच्या कडेला होतं. अंगणात लिंबाखाली जनावरं अडकवून इंजेक्शन द्यायचा लाकडी खोडा अजून उभा होता. त्याच्या दांड्या जनावरांच्या मानांनी घासून गुळगुळीत झालेल्या. मी हाक मारायच्या आतच आतून आवाज आला.

"सिनेमेवाले मास्तर तुम्हीच व्हय? या."

डॉक्टरांच्या या बहिणीला सगळे आपा म्हणत. त्या सत्तरीच्या पुढच्या असतील. अंगानं काटक, पांढरी ओढणी, डोळ्यांत काचबिंदू. उजेड आणि अंधार एवढंच त्यांना कळायचं. खोलीत टीव्ही, त्याच्या खाली डीव्हीडी प्लेअर आणि समोर दोन खुर्च्या होत्या. एका खुर्चीत त्या बसल्या. मी दुसरीकडं वळलो तशा म्हणाल्या, "तिथं नको. हिकडं खाटंवर बसा." आवाज मऊ होता, पण मी घाईनं खाटेवर बसलो.

सुट्या डिस्क फारशा नव्हत्याच. होती ती एक मोठी, काळ्या पुठ्ठ्याची पेटी. आत परदेशी जुने सिनेमे होते. काळे-पांढरे, भुतांचे म्हणता येतील असे, पण ज्यात भूत कधी नीट दिसत नाही त्या जातीचे. त्यातला एक माझ्याकडं आधीच होता. दोन मला कित्येक वर्षं हवे होते.

"आपा, मी यातल्या दोनच नेतो."

"न्हाय मास्तर. पेटी फोडायची न्हाय. न्यायची तर सगळी न्या, आन् मशीन बी संगट न्या. मला एकटीला काय करायचंय?"

मी विचारलं, तुम्हाला तर दिसत नाही, मग सिनेमे कसे बघायचात? त्या हसल्या.

"भाऊ सांगायचा की. बाजूला बसून. आता बाई दारात आली, आता तिनं दिवा लावला, आता बघ तिच्यामागं कोण हाय. इंग्रजी मला कुठलं येतंय? पण म्या सगळे बघितले. शेवट तेवढे राहिले."

"शेवट का राहिले?"

"जेवणं आटपून दोनला लावायचा. चारला लाईट जायची. मशीन बिघडू नये म्हणून तो आधीच बंद करायचा. उद्या बघू म्हणायचा, आन् उद्या नवाच लावायचा. तसलाच होता तो." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तुम्ही शेवट बघून मला सांगाल का? तुमच्या सवडीनं."

मी हो म्हणालो. पेटी आणि प्लेअर सुतळीनं गाडीला बांधून घरी आणले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर पहिली डिस्क लावली, तर सिनेमा मधूनच सुरू झाला. एक बाई अंधाऱ्या बोळात थांबलेली, हात कडीवर. बायकोनं विचारलं, "ह्ये असं काय? सुरुवात कुठं गेली?" मी तिला समजावलं, काही प्लेअर शेवटच्या थोड्या डिस्क लक्षात ठेवतात. जिथं बंद केलं तिथूनच पुन्हा चालू होतात. पेटीतली प्रत्येक डिस्क लावून बघितली. प्रत्येक सिनेमा शेवटाच्या जरा आधी उघडत होता. मला कारण ठाऊक होतं, तरी बरं वाटेना. कुणीतरी पाणी प्यायला उठून गेलंय आणि त्याच्या उबदार जागेवर आपण बसलोय, असं ते वाटायचं.

मग मी कपाटातून माझी स्वतःची डिस्क काढली, पेटीतला जो सिनेमा माझ्याकडं आधी होता त्याची. ती बेंबळीला कधीच गेली नव्हती. लावली, तर तीही तिथूनच सुरू झाली. बायको माझ्याकडं बघत राहिली. हेही अवघड नव्हतं. मशीन प्लास्टिकची चकती ओळखत नाही, तिच्यावरची माहिती ओळखतं. सिनेमा तोच, म्हणून जागा तीच. मी हे वर्गात सांगावं तसं सांगितलं.

"मग बसलेला माणूस बदललाय, ह्ये त्याला कळतंय का?" तिनं विचारलं.

"ते कसं कळेल?"

"तेच म्हणते मी," असं म्हणून ती आत गेली.

पुढं दर रविवारी नाही, पण सवड होईल तसा मी बेंबळीला जाऊ लागलो. आठवड्यात एखादा सिनेमा सुरुवातीपासून शेवटापर्यंत बघायचा आणि जाऊन आपांना शेवट सांगायचा. त्या चहा करायच्या, अंदाजानं पण अचूक. मग त्यांच्या खुर्चीत बसायच्या, तोंड बंद टीव्हीकडं. मी खाटेवरून सांगायचो. मधली खुर्ची रिकामीच असायची.

पहिला मी सांगितला तो एका दीपगृहाच्या रखवालदाराच्या दोन मुलींचा. धाकटी बुडालेली असते आणि थोरलीला ती रोज जिन्यावर ऐकू येते.

"शेवटी थोरली दिवा विझवते आणि स्वतःच तो जिना चढून वर जाते," मी म्हणालो. "दार बंद होतं. संपलं."

"अनवाणी ना?" आपा म्हणाल्या.

हो. खालच्या पायरीवर तिचे बूट काढून ठेवलेले दिसतात. ते सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. मला वाटलं, अंदाज असेल. अशा गोष्टीत माणसं अनवाणी चालतातच.

दुसऱ्यात मी म्हणालो की म्हातारा खिडकीतून बाहेर बघत राहतो. त्या म्हणाल्या, "बाहेर न्हाय मास्तर, काचंत. सवताकडंच." घरी जाऊन मी तो भाग पुन्हा लावला. म्हाताऱ्याची नजर खरंच काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबावर होती. मी दोनदा बघूनही ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तरीही मी स्वतःची समजूत घातली. डॉक्टरांनी कधीतरी शेवटही बघितला असेल, बहिणीला सांगितला असेल. नंतर पुन्हा लावून मधेच बंद केला असेल. म्हातारपणी आठवणींची सरमिसळ होते. यात अशक्य असं काही नव्हतं.

पावसाळ्याच्या सुमारास पुण्याहून पुतण्याचा फोन आला. फुफीला मी पुण्याला नेतोय, पेटी तुम्हाला उपयोगी पडली का, असं विचारत होता. मी म्हणालो, "फार छान आहे. तुमच्या चाचांनी कुठून मिळवली होती?"

"चाचांनी नाही, मीच पाठवली होती. त्यांना अर्धांग झालं, वाचा गेली, त्यानंतर. दिवसभर नुसते बसून असायचे, म्हटलं करमणूक होईल."

"वाचा गेली होती?"

"पूर्णच. शेवटची दोन वर्षं एक अक्षर नाही बोलले. डावा हात तेवढा हलायचा, रिमोटपुरता. का हो?"

सहज विचारलं, मी म्हणालो. फोन ठेवला तेव्हा बायको भाकरी थापत होती. तिला सांगितलं. तिचे हात परातीतच थांबले.

"म्हंजे ती पेटी घरात आली तवा त्यांना बोलताच येत नव्हतं?"

"नव्हतं."

"मग आपाला सांगितलं कुणी?"

मी बरेच मार्ग काढून बघितले. डाव्या हातानं तळव्यावर खुणा करत असतील. पण खुणांनी काचेतली नजर कशी सांगणार? शेजारचं कुणी येऊन बसत असेल. पण आपांनीच सांगितलं होतं की दुपारी घरात दोघांशिवाय कुणी नसायचं. एकेक शक्यता मी मांडत गेलो आणि बायको नुसती मान हलवत राहिली.

पेटीतला एकच सिनेमा माझा बघायचा राहिला होता. बर्फातल्या एका गावात खानावळ चालवणाऱ्या बाईचा. आपा पुण्याला जायच्या आधीचा रविवार आला तरी मला तो लावायला धीर झाला नाही. तसाच बेंबळीला गेलो. बायकोही बरोबर आली, ती काही मला एकट्याला जाऊ देईना.

घरात बोचकी बांधून झाली होती. आपांनी बायकोचा हात हातात घेतला, मुरुमची चौकशी केली. मग मला म्हणाल्या, "आज कुठला?"

"आज नाही बघितला आपा. राहिला."

"खानावळवालीचा व्हय?"

मी त्यांना कुठला राहिलाय ते सांगितलं नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या. म्याच सांगते," त्या म्हणाल्या. तोंड टीव्हीच्या जागेकडं, पण मान किंचित रिकाम्या खुर्चीकडं कललेली, आपण शेजारच्याचं हळू बोलणं ऐकताना कलते तशी. एकेक वाक्य त्या थांबून थांबून सांगत होत्या. "बर्फ थांबलाय. गिऱ्हाईक कुणी न्हाय. ती दोन ताटल्या मांडती. एक तिची, एक त्या न आलेल्या पाव्हण्याची. मग बघती तर त्याच्या ताटलीचा टवका उडालाय. ती ताटली फिरवती. टवक्याची बाजू त्याच्याकडं येऊ नये म्हणून. आन् जेवाया बसती."

बायकोनं माझी बाही घट्ट धरली होती. आम्ही चहा घेतला, आपांच्या पाया पडलो आणि निघालो.

उजेड होता तोवरच आम्ही ती डिस्क लावली. नेहमीसारखी शेवटाच्या आधी उघडली. बाईनं दोन ताटल्या मांडल्या. एकही संवाद नव्हता, संगीतही नव्हतं. नुसता चिनी मातीचा लाकडावर घासल्याचा आवाज. तिनं समोरची ताटली जरा फिरवली. टवका क्षणभर दिसला, एवढासा. बायकोनं उठून टीव्हीचं बटण बंद केलं आणि बाहेरचा दिवा लावला.

प्लेअर मी वापरायचं बंद केलं. नवा घेतला. पेटी मात्र फोडली नाही. तशीच कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवली. सुट्या डिस्क अजून घेतो, पण पूर्वीसारखा बॉक्स सेटवर तावातावानं बोलत नाही.

मागच्या दिवाळीनंतर कामानिमित्त पुण्याला गेलो तेव्हा आपांना भेटलो. पुतण्याचा फ्लॅट वरच्या मजल्यावर होता, घरात लहान मुलांचा गोंधळ. आपा बाल्कनीत बसल्या होत्या. तब्येत बरी होती. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं, आणि माझी बायको कशी आहे ते आधी विचारलं. इतके दिवस मनात होतं ते मी शेवटी सरळच विचारलं.

"आपा, तुमच्या भावाची तर वाचा गेली होती. मग सिनेमे तुम्हाला सांगितले कुणी?"

त्यांना प्रश्न कळला नाही असं वाटलं. कपाळाला आठ्या पडल्या.

"कुणी म्हंजे? त्यानंच. तुम्ही यायचात तवा बी सांगायचा की. तुम्ही खाटंवरनं, तो खुर्चीतनं. दोघं एकदम बोलायचात, मला लई गडबड व्हायची. म्हणून मधीमधी विचारून घ्यायची."

"आता सांगतात?"

"आता न्हाय." त्यांनी ओढणी सारखी केली. "हितं लाईट जात न्हाय, टीव्ही बंद होत न्हाय. त्याला आवडत नसंल."

आतून पुतण्याच्या बायकोनं पोहे आणून दिले. मी खाल्ले. निघताना आपांनी विचारलं की बेंबळीच्या रस्त्यानं जाता का कधी. मी म्हणालो, जातो. प्रत्यक्षात मी त्या गावाकडं पुन्हा गेलेलो नाही. लातूरला जायचं झालं तर दुसऱ्या रस्त्यानं जातो, थोडा लांब पडतो, पण वाहतूक चालू असते.