जालूभाऊंची टाळी

जालूभाऊ कुणाच्याही घरी गेले की पाणी मागण्याआधी टाळी वाजवत आणि कान तिरका करून खोली काय म्हणते ते ऐकत. एकदा दुखवट्याला गेले तेव्हाही वाजवली, आणि वर मयताच्या मुलाला म्हणाले, "खोली लई वाजती. पडदं लावा." अशा माणसावर रागवायचं तरी कसं? मला ते बरीच वर्षं जमलं नाही.

मी राहुरीला शाळेत संगीत शिकवायचो. नव्वदच्या दशकात गावोगाव कॅसेटचं पेव फुटलं, तेव्हा घरामागच्या दहा बाय बाराच्या खोलीत मी मिक्सर आणि दोन स्पीकर मांडले. जालूभाऊ तमाशातून निवृत्त झालेले ढोलकीवाले, माझ्या जुन्या ओळखीचे. त्यांनी आत येऊन टाळी वाजवली, मग चारही कोपऱ्यांत जाऊन एकेक.

"मास्तर, खोली खोटं बोलती. तिला आदी गप करू."

मी भिंतींना लावायला अंड्यांचे ट्रे आणले होते. "ह्यात कोंबडी बसवा," म्हणाले आणि घरून बायकोच्या दोन गोधड्या घेऊन आले. भिंतींना पट्ट्या ठोकून त्या त्यांनी स्वतः टांगल्या, स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले. खोलीचा ठणठणाट गेला. मी त्यांना गुरूच मानलं.

पहिली कॅसेट शोभाची. तिचे वडील साखर कारखान्यात मजुरी करत. तिच्या भीमगीतांची कॅसेट जयंतीला वाजायची होती. ढोलकी अर्थातच जालूभाऊंची. मिक्सिंग करताना मला ढोलकीचा खर्जातला घुमारा फार वाटत होता.

"कमी करू?"

"करा. अजून जरा." ते शेजारीच बसले होते. "आता जमलं."

जयंतीला टेम्पोवरच्या मोठ्या बॉक्सवर कॅसेट लागली. ढोलकीची नुसती टिकटिक! नाचायला सरसावलेली पोरं उभीच राहिली आणि कुणीतरी कॅसेट बदलली. शोभा नव्या साडीत तिथेच होती. ती माझ्या खोलीत पुन्हा आली नाही.

वर्षभरात जालूभाऊंनी सुप्याला स्वतःची खोली थाटली. शोभाची दुसरी कॅसेट तिथलीच, आणि तिच्यातली ढोलकी थेट पोटात वाजत होती. मी सुप्याला गेलो. त्यांच्या खोलीत चारही कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत कापसाचे जाडजूड लोड उभे होते.

"हे कशाला?"

"घुमारा कोपऱ्यात साचतो, मास्तर. आपल्याला जास्ती ऐकू येतो म्हनून आपन कापतो. मग कॅसेटवर उरतच न्हाई." शिकवण्याच्या भरात बोलून गेले आणि घाईने चहा मागवायला लागले.

"माझ्या खोलीत हे माहीत होतं?"

"व्हय. पहिल्याच दिशी."

"मग?"

"जन्मभर दुसऱ्याच्या फडात वाजिवलं. वाटलं, एक खोली आपली आसावी. तुमची सुदारली आस्ती तर माज्याकडं कोन आलं आस्तं?"

चहा आला. मी तो घेतला नाही. इतकं फसवलं गेल्यासारखं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. पुन्हा आमची भेट झाली नाही.

घरी येऊन मीही कोपरे भरले, त्यांच्यासारखेच. मग शोभाची जुनी कॅसेट लावली. आता खोली खरं बोलत होती. शोभाचा आवाज होता, पेटी होती, ढोलकीचा घुमारा मात्र कुठेच नव्हता. तो मीच माझ्या हाताने कापला होता. आणि तेव्हा शेजारी बसलेला वाजवणारा स्वतःच्याच ढोलकीबद्दल मला सांगत होता, "अजून जरा."