एकटा स्वार

देव नेटवर शोधायची पाळी माझ्यावर आली ती एका चिरेमुळे. आमच्या देवघरातला खंडोबाचा टाक कडेला तडकला होता. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठशानं उठवलेली देवाची प्रतिमा, तळहातात मावेल एवढी. बाबा रोज सकाळी त्याला आंघोळ घालतात आणि आठवड्यातून एकदा चिंच लावून घासतात. त्यांच्या आधी त्यांचे वडील घासत, त्यांच्या आधी त्यांचे. इतक्या पिढ्यांनी मनोभावे घासल्यावर देवाला नाक-डोळे कुठले राहणार? घोडा आहे आणि घोड्यावर कोणीतरी आहे, एवढंच कळायचं. तेही आधी सांगितलं असेल तर.

झिजलेला देव चालतो, तडकलेला चालत नाही. खंडित मूर्ती पूजेत ठेवायची नाही, हा नियम बाबांनी मला अशा आवाजात ऐकवला की टाक जणू मीच तडकवला होता. चंपाषष्ठीला वीस दिवस उरले होते. त्याआधी नवा टाक व्हायला हवा आणि तो आपल्या डोळ्यांसमोर व्हायला हवा, असा त्यांचा हट्ट होता. "डोळ्यांसमोर" हे ते सवयीनं म्हणाले. बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, काचबिंदूनं त्यांची नजर नेली आहे. उजेड, अंधार आणि दारात उभं राहिलेलं माणूस, एवढंच त्यांना कळतं. पूजा ते हातांनी करतात.

आम्ही दोघंच राहतो, दाना ओली नावाच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर. मी हिंदी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे माझा देवाधर्माशी संबंध प्रसादापुरता आणि मराठीशी संबंध बाबांपुरता. आमचे पूर्वज फौजेबरोबर दख्खनहून इकडे उत्तरेत आले आणि इथलेच झाले. मूळ गाव कोणतं, ते कोणालाच सांगता येत नाही. सोबत आणलेलं म्हणावं असं घरात हा टाकच काय तो उरला आहे, म्हणून बाबांचा जीव त्यात.

टोपी बाजारात पूर्वी टाक घडवणारे एक कारागीर बसायचे. आमच्या लश्कर भागातल्या निम्म्या मराठी घरांच्या देवांचे ठसे त्यांच्या पेटीत होते. ते गेले, आणि त्यांच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. म्हणून मी सराफ्यात एका सोनाराकडे गेले. त्यानं टाक उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि मला अदबीनं विचारलं की यात वरची बाजू कोणती. मग म्हणाला, "मैडम, नेट से फोटो निकाल लाइए. जैसी फोटो होगी, वैसा बना देंगे."

मला ते फारच सोपं वाटलं. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी टाक पाटावर ठेवला, मोबाइलनं त्याचा फोटो काढला आणि यासारखी चित्रं दाखव म्हणून नेटला सांगितलं. नेटनं तत्परतेनं दाखवली. आधी परदेशी जुनी नाणी, मग कोटाची बटणं, मग एक खारी बिस्किटासारखं बिस्किट. बाबा शेजारी बसून विचारत होते, "काय शोधून राहिली आहेस? मिळाला का?" मी म्हटलं, मिळेल. बिस्किटाचं मी त्यांना सांगितलं नाही.

मग शब्दांनी शोधलं. "खंडोबाचा टाक" असं लिहिल्याबरोबर पडदा भरून देव आले. विकायला ठेवलेले चकचकीत टाक, संग्रहातले काळवंडलेले टाक, कोणाच्या तरी देवघरात हळदीनं माखलेले टाक. मी एकेक मोठा करून पाहत गेले आणि तासाभरानं माझ्या लक्षात आलं की जवळपास सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. घोड्यावर दोघं असतात, खंडोबा आणि म्हाळसा. खाली कुत्रा असतो आणि घोड्याच्या टापांखाली दैत्याचं मुंडकं. एखाद्या चित्रात खंडोबा एकटाही होता, पण तिथे कुत्रा तरी होताच.

आमच्या टाकावर काय आहे ते डोळ्यांना दिसेना. तेव्हा लहानपणी आम्ही नाण्यांवर करायचो तो उद्योग मी केला. टाकावर पातळ कागद ठेवला आणि मऊ शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं फिरवली. नजरेला जे सापडत नव्हतं ते कागदावर करडं होऊन वर आलं. घोडा आला. स्वार आला, त्याच्या पाठीवर ढाल आली, हातात भाला आला. स्वाराच्या पाठीला लागूनच घोड्याचं उधळलेलं शेपूट होतं. मागे दुसरं कोणी बसायला जागाच नव्हती. खाली कुत्रा नव्हता, मुंडकं नव्हतं, फक्त जमिनीची एक रेघ होती.

मी पुन्हा नेटवर बसले, आता नाव न घालता. घोडा, भाला, एकटा स्वार, टाक. तिसऱ्याच चित्रात तो सापडला. तोच पवित्रा, तशीच ढाल. खाली लिहिलं होतं, वीराचा टाक. घरातला जो पुरुष लढाईत पडला आणि ज्याच्यामागे मूलबाळ नव्हतं, त्याचा असा टाक करून देवांच्या पंक्तीला ठेवत, कारण त्याला पाणी द्यायला त्याचं म्हणून कोणी नसायचं.

मी मोबाइल पालथा ठेवला. काय झालं असेल ते समजायला गणिताची बाई असण्याची गरज नव्हती. भावाभावांनी घरं वेगळी केली की देवही वाटून घेतात. खंडोबा कुठल्यातरी थोरल्या घरी दक्षिणेत राहिला असेल, आमच्या वाट्याला हा आला असेल. आणि इथे, विचारायला जाणतं कोणी नाही, नाक-डोळे झिजत चाललेले. घोड्यावर बसला आहे म्हणजे खंडोबाच, असं पुढच्या कोणीतरी ठरवून टाकलं. एकदा ठरल्यावर शंका कोण घेणार? दर चंपाषष्ठीला आम्ही त्याला वांग्याचं भरीत आणि बाजरीची भाकरी दाखवत आलो. तळी उचलायला पाच पुरुष लागतात म्हणून खालच्या हिंदी भाडेकरूंना हात लावायला बोलावून "येळकोट" म्हणायला शिकवत आलो. तेही बिचारे दरवर्षी खणखणीत म्हणायचे.

मी भावाला इंदूरला फोन केला. तो म्हणाला, त्यात काय, नेटवरचा चांगला खंडोबा निवड, सोनाराला पाठव, जुना नर्मदेत सोडून देऊ, बाबांना दिसतंय थोडंच. त्याचं चुकीचं नव्हतं. त्याच्या सांगण्यात सगळ्यांची सोय होती, माझी तर फारच. पण मला त्याचा राग आला आणि मी फोन ठेवला. राग खरं तर स्वतःचा होता, कारण हाच विचार त्याच्याआधी माझ्या मनात येऊन गेला होता.

दोन दिवस मी बाबांशी इकडचं-तिकडचं बोलत राहिले. ज्या माणसानं बाविसाव्या वर्षी वडील गेल्यावर ही पूजा हातात घेतली आणि तापानं फणफणतानाही सोडली नाही, त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं की तुम्ही बासष्ट वर्षं ज्याला आळवलंत तो हा नव्हे? नजर गेल्यावर त्यांच्याकडे ही सकाळच तेवढी उरली होती. ती मी काढून घेतली तर त्यांना द्यायला माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. आणि सांगितलं नाही, तर नवा खंडोबा येणार आणि हा नर्मदेत जाणार. मग त्याला पाणी देणारं कोणीच राहणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच विचारलं, फोटो मिळाला का. मी म्हटलं, खंडोबाचे हजार मिळाले, पण आपला त्यांच्यासारखा नाही. मग सगळं सांगितलं. गणित सांगते तसं, पायरीपायरीनं, म्हणजे आवाज हलला तर चालेल पण क्रम चुकणार नाही.

बाबा ओल्या टाकावरून अंगठा फिरवत होते.

"मागे कोणी नाही हे मला माहीत आहे," ते म्हणाले. "अंगठ्याला कळतं. मला वाटायचं की म्हाळसा होती आणि आपल्या हातानं झिजून गेली. त्याचं मला फार वाईट वाटायचं. घासताना मी तिकडे हात हलका ठेवायचो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मी जगभरची चित्रं धुंडाळत होते, आणि जे शोधायचं ते शेजारी बसलेल्या माणसाच्या अंगठ्यात होतं. मी त्यांना पेन्सिलीचा कागद दाखवायला गेले आणि मग आठवलं की त्यांना तो दिसणार नाही. तेव्हा त्यांचं बोट धरून मी ते टाकावरून फिरवलं, हा भाला, ही ढाल, हे शेपूट. शेपटाशी त्यांचं बोट थांबलं.

"म्हणजे आपण कोणाला नाही झिजवलं," ते म्हणाले.

मला वाटलं होतं ते खचतील. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र मोकळेपणा होता, कुठलं जुनं ओझं उतरल्यासारखा. मग एकदम त्यांनी विचारलं की ह्याला मूल नव्हतं म्हणतेस, मग आपण ह्याचे कोण? मी म्हटलं, भावाचे असू. ते म्हणाले, भावाचे म्हणजे घरचेच. थोड्या वेळानं म्हणाले, "बासष्ट वर्षं मी त्याला दुसऱ्याच्या नावानं हाक मारली. त्यानं कधी नाही म्हटलं नाही." हे म्हणताना त्यांचे डोळे भरून आले आणि माझेही. आम्ही ते एकमेकांपासून लपवलं नाही, लपवायला त्यांना दिसत तरी कुठे होतं.

त्या दिवशी शाळेला सुट्टी टाकून मी बाबांना रिक्षात घालून सराफ्यात नेलं. सोनारापुढे मी पेन्सिलीचा कागद ठेवला. तो नाराज झाला. यात चेहरा नाही, घोड्याला लगाम नाही, नेटवर इतके छान छान फोटो आहेत, एखादा चेहरा त्यातला लावून देतो, म्हणाला. त्याचा हेतू चांगलाच होता. बाबांनी हात आडवा केला. "नहीं भैया," ते म्हणाले, "जितना दिखता है, उतना ही बनाइए. चेहरा किसी और का मत लगाइए." जुन्या टाकाची चांदी नव्यात घालायची, हेही त्यांनीच सांगितलं. खंडोबाचा टाकही करायचा ठरला, तो नेटवरच्या चित्रावरून, म्हाळसेसकट. पण तो नंतर.

चंपाषष्ठीच्या सकाळी नवा टाक ताम्हणात ठेवला. दळदार, लखलखीत, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता गुळगुळीत उंचवटा. बाबांनी पळीत पाणी घेतलं आणि हात तसाच अधांतरी राहिला. इतकी वर्षं या क्षणी तोंडातून आपोआप खंडोबाचं नाव यायचं. आता कोणाचं घेणार?

"काय म्हणू ह्याला?" त्यांनी मला विचारलं. "पाणी देताना नाव घ्यावं लागतं."

नाव मला कुठेच मिळालं नव्हतं. नेटवर जेवढे वीर पाहिले त्यांतल्या एकालाही नाव नव्हतं. मी म्हटलं, आजोबा म्हणा, नाहीतर पूर्वज म्हणा.

ते त्यांना पटलं नाही. मग त्यांनी विचारलं, लढाईत पडला तेव्हा केवढा असेल गं? मी म्हटलं, लग्न झालेलं नसेल तर अठरा, वीस. फार तर बावीस.

बाबांनी पळी खाली ठेवली. पाणी थंड होतं, डिसेंबरातलं. त्यांनी मला थोडं कोमट करून आणायला सांगितलं, आणि मी आणल्यावर टाक तळहातावर घेऊन, वर दुसऱ्या हाताचा आडोसा करून, ते बारीक धारेनं त्याच्यावर पाणी घालायला लागले.

"चल बाळा," ते म्हणाले, "झालं हं, झालंच."