सगळेच कौल उजवे

धोंडू गुरवाला फुटबॉलचं काडीचं प्रेम नव्हतं. भाट्याच्या खाडीपलीकडच्या त्या वाडीत असा तो एकटाच. ओहोटी लागली की म्हातारेकोतारेसुद्धा पुळणीच्या वाळूत चेंडूमागे धावायचे आणि हा आपला जाखमातेच्या देवळात समई घासत बसायचा. केरूवर मात्र त्याचा जीव होता. केरू म्हणजे गोदाचा एकुलता एक मुलगा. बाप दर्यात गेलेला, आईने सुंभ वळून वाढवलेला. काथ्याचा चेंडू तो असा काही पायाला चिकटवून न्यायचा की समोरची पोरं नुसती वाऱ्याला लाथा मारीत राहायची.

कातड्याचा चेंडू पुढे बाळा खलाशाने आणला. बाळा विलायती बोटीवर भट्टीत कोळसा मारायचा आणि रजेवर आला की सभामंडपात बसून सगळ्या युरोपाची झडती घ्यायचा. इंग्रज म्हणे चेंडू आभाळात उडवतात आणि मग त्याच्यामागे ऊर फुटेस्तोवर धावतात. स्कॉटलंडवाले मात्र पानाचा डबा फिरवावा तसा चेंडू एकमेकांना देतात. जिनोव्याचे इटालियन खेळतात कमी नि भांडतात जास्त. तिथे चांगला गडी दिसला की एक संघ दुसऱ्याकडून त्याला विकत घेतो, असं त्याने सांगितलं तेव्हा आप्पा खोताने विचारलं, बैलासारखा? तर बाळा म्हणाला, बैलाचे दात बघतात, ह्याचे पाय बघतात, एवढाच फरक.

हे ऐकून ऐकून केरूचे पाय घरात ठरेनात. मुंबईच्या कुठल्याशा गिरणीचा संघ माणसं शोधतोय, अशी बातमी आली आणि तो हटून बसला. गोदा म्हणाली, देवीला विचारू, ती सांगेल तसं. कौल लावणं हे धोंडूचंच काम. गाऱ्हाणं घालायचं, पाण्यात भिजवलेली एक पाकळी देवीच्या पाषाणाच्या उजव्या खांद्यावर आणि एक डाव्या खांद्यावर चिकटवायची. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. केरू जाऊ का, असं धोंडूने विचारलं. उजवी पडली. नारळी पुनवेनंतरच्या पहिल्या आगबोटीने केरू गेला.

त्याचा स्वतःचा निरोप कधीच आला नाही. बातम्या मात्र अशा आल्या की घेता घेता वाडीची झोळी फाटली. केरू गोदीच्या संघात आहे. छे, त्याला गिरणीने पळवलं. गिरणीकडून तो कराचीला गेला. कराची कसली, कलकत्त्यात अनवाणी खेळून बूटवाल्यांना रडवतोय. बातमी आणणाऱ्याला गोदा आधी घावणे वाढायची, मग समोर बसून ऐकायची. हळूहळू तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. केरूला पाहिलं म्हणणारे पुष्कळ होते, पण ज्याला त्याला तो पाठमोराच दिसला होता. हाक मारली तर वळला नाही म्हणे. गोंगाटात ऐकू आलं नसेल.

पुढच्या शिमग्याला चाकरमानी घरी आले आणि भर दुपारी देवळातच जुंपली. गोदीवाला म्हणे केरू आमच्याकडे, गिरणीवाला म्हणे आमच्याकडे. कुणीतरी म्हणालं, भांडता कशाला, देवी समोर बसली आहे, कौल लावा. धोंडूने साफ नकार दिला. देवी म्हणजे काय पैज लावायची जागा आहे? पण खांबाशी उभी असलेली गोदा पुढे आली आणि लावा म्हणाली. तिला संघाशी काय करायचं होतं? पोर कुठेतरी आहे, एवढं तिला देवीच्या तोंडून ऐकायचं होतं.

गोदीच्या संघात आहे का? उजवी पडली. गोदीवाल्याने मांडीवर थाप मारली. गिरणीच्या? तीही उजवीच. लोक हसले. कराची, उजवी. कलकत्ता, उजवी. हसणं तिथेच थांबलं. धोंडूने पाषाण पुसून कोरडा केला, पाणी बदललं, पाकळ्यांची अदलाबदल केली. बाळा खलाशाचा स्वभाव वात्रट. तो मागून म्हणाला, लिव्हरपूल विचार. धोंडूचं गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आतच उजवी गळून खाली आली. जिनोव्याचं नाव घेतलं, तेव्हाही तसंच. डाव्या खांद्यावरची पाकळी जणू दगडातून उगवल्यासारखी तिथेच होती. गाभाऱ्यात गारठा आला होता. फाल्गुनातल्या दुपारी त्या देवळात इतका गारवा धोंडूने जन्मात अनुभवला नव्हता.

त्याला कळून चुकलं. जाखमाता खोटं बोलत नाही. आणि देह असलेला माणूस एका वेळी एकाच मैदानात उभा राहतो.

मग त्याला दुसरी गोष्ट आठवली. विचारावं तेवढंच देवी सांगते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. केरूच्या वेळी त्याने जाऊ का एवढंच विचारलं होतं. परत येईल का, हे विचारायचं राहून गेलं होतं. आणि केरू कुठे आहे म्हणून भांडणाऱ्या वाडीतही, तो आहे का, असं कुणी विचारलं नव्हतं.

गोदा शांतपणे म्हणाली, "धोंडूदादा, ता सगला ऱ्हाव दे. माजा येक इचार. घरी येल काय तो?"

त्याने विचारलं. उजवी पडली. माणसांनी सुटकेचा श्वास सोडला, कुणी हातसुद्धा जोडले. गोदा मात्र हसली नाही.

"मंग आनी येक इचार," ती म्हणाली. "त्याचा पान घरात मांडू, का आंगनात?"

अंगणातलं पान कावळ्यासाठी असतं, हे कुणाला सांगायला नको होतं. उजवीला घर, डावीला अंगण, असं धोंडूने कसंबसं म्हटलं. पाकळ्या पुन्हा भिजवून त्याने चिकटवल्या. आणि इतका वेळ न हललेली डावी पाकळी अलगद सुटून देवीच्या पायाशी पडली.

गोदाने घरी जाऊन भात घातला, कुळथाची पिठी केली, सुका बांगडा भाजला. केळीच्या पानावर सगळं वाढून अंगणात ठेवलं. सगळी वाडी कुंपणाबाहेर उभी होती. वाडीत एरवी कावळ्यांचा उच्छाद, पण आज माडांवर एकही नव्हता. भात गार झाला. तेव्हा तिने बाळाला तो कातड्याचा चेंडू आणायला सांगितलं आणि पानाशेजारी ठेवला. वारा पडलेला होता. तरी चेंडू हळूच गडगडत उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथे थांबला. मग कुठून कोण जाणे, एक कावळा उतरला आणि त्याने भाताला चोच लावली.

"आला," गोदा म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.

त्यानंतर केरूची बातमी कुणी आणली नाही. धोंडू पुढे पुष्कळ वर्षं देवीची पूजा करीत होता. मुंबईला जाऊ का, असं विचारायला पोरं येतच राहिली. त्यांनी सांगितलं नाही तरी तो दुसरा कौल लावायचा, परत येईल का. तोही उजवा पडला की आया खुशीत घरी जायच्या. धोंडू मात्र भिजलेली पाकळी बोटांत धरून बसून राहायचा. तिसरा कौल लावायला त्याचा हात कधी धजावला नाही.